तेरावे दार : 'युमे निक्की'तली मुलगी आणि तिची स्वप्ने

जपानी भाषेत 'युमे' म्हणजे स्वप्न आणि 'निक्की' म्हणजे रोजनिशी. 'युमे निक्की' या नावाचा एक व्हिडिओ गेम 26 जून 2004 रोजी इंटरनेटवर विनामूल्य ठेवला गेला. 'किकियामा' हे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी तो एकहाती तयार केला होता. ही व्यक्ती स्त्री की पुरुष, वय काय, राहते कुठे, यांपैकी काहीही आजतागायत जाहीर झालेले नाही. गेममध्ये लढाया नाहीत, गुण नाहीत, हरणे-जिंकणे नाही. कोणती कळ कशासाठी एवढे सुरुवातीला सांगितले जाते. त्यानंतर कथा पुढे नेणारे एक वाक्यही पडद्यावर येत नाही. असे असूनही गेल्या वीस वर्षांत या गेमवर जेवढा खल झाला, तेवढा फार थोड्या गेमच्या वाट्याला आला असेल.

साहित्याच्या वाचकांसाठी या गेमविषयी लिहावेसे वाटले, कारण त्याने एक जुना वाङ्मयीन प्रश्न नव्या साधनाने मांडला आहे. जे माणूस स्वतःविषयी काही बोलत नाही, त्याच्या मनात आपण कितपत शिरावे? आणि शिरलोच, तर तिथे वावरावे कसे?

खोली

गेमची नायिका मादोत्सुकी. 'मादो' म्हणजे खिडकी. मादोत्सुकी म्हणजे 'खिडकी असलेली'. तिच्या गुलाबी स्वेटरवर छातीशी खिडकीसारखी चौकट आहे, त्यावरून हे नाव. दोन वेण्या आणि मिटल्यासारखे डोळे. ती एकटी असते. तिच्या खोलीत पलंग, मेज, टीव्ही आणि त्याला जोडलेला जुन्या पद्धतीचा गेम आहे. एका बाजूला बाल्कनी, दुसऱ्या बाजूला दार.

खेळणारा साहजिकच आधी दाराशी जातो. दार उघडायची कळ दाबली की मादोत्सुकी मान हलवून 'नाही' म्हणते. पुन्हा दाबा, पुन्हा नाही. दाराला कुलूप आहे, बाहेर कुणी उभे आहे, असे काहीही दाखवलेले नाही. तिला जायचे नाही, एवढेच कळते.

मग खोलीत करण्यासारखे काय उरते? बाल्कनीत उभे राहता येते. टीव्हीवर 'नासू' नावाचा छोटा खेळ खेळता येतो. 'नासू' म्हणजे वांगे. वरून पडणारी वांगी झेलायची, बस. जपानमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा किंवा वांगे दिसणे हा शुभशकुन मानतात. किकियामाच्या मनात तो संकेत होता की नाही, हे ठरवता येणार नाही. पण जिचे सगळे आयुष्य स्वप्नात चालले आहे, तिने जागेपणी वांगी झेलत बसावे, हे जपानी खेळणाऱ्याला सहज जाणवण्यासारखे आहे.

मेजावर रोजनिशी आहे. तिचा उपयोग गेमची प्रगती साठवून ठेवण्यापुरता. मादोत्सुकी लिहायला बसते, पण काय लिहिते ते आपल्याला कधीच वाचता येत नाही. ज्या रोजनिशीवरून गेमला नाव मिळाले, तिचे एकही पान आपल्यापुढे उघडत नाही.

उरला पलंग. मादोत्सुकी झोपते आणि स्वप्नात त्याच बाल्कनीत जागी होते. खोली तशीच. या खेपेला मात्र दाराशी गेले की ती मान हलवत नाही. दार उघडते.

बारा दारे

दारापलीकडे काळोखी मोकळी जागा आहे आणि तिच्यात गोलाकार मांडलेली 12 दारे. प्रत्येक दारामागे एक जग. एक बर्फाचे, एक दाट अरण्याचे, एक डोळ्यांचे, एक आकड्यांचे, एक मेणबत्त्यांचे, एक निऑनच्या झगमगाटाचे. ही जगे बरीच मोठी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना कड नाही. एकाच दिशेने चालत राहिले की माणूस फिरून पहिल्या जागी येतो. संगीत म्हणजे काही सेकंदांचे तुकडे, तेच ते पुन्हा वाजत राहणारे. पाच मिनिटे ते कंटाळवाणे वाटते. अर्ध्या तासाने ते ऐकू येत आहे याचेच भान उरत नाही, आणि तिथून खरी गुंगी सुरू होते.

किकियामाने गेम 'आरपीजी मेकर 2003' या जपानी सॉफ्टवेअरवर बनवला. नायकाने गावोगाव फिरावे, लोकांशी बोलावे, राक्षस मारावेत, बळ वाढवावे, अशा साहसकथा सामान्य माणसालाही रचता याव्यात म्हणून ते तयार झाले होते. किकियामाने त्यातले चालणे ठेवले आणि बाकीचे जवळजवळ सगळे काढून टाकले. जे उरले ते मुद्दाम निरुपयोगी केले. स्वप्नात पेयांची यंत्रे आहेत. नाणी टाकली की मादोत्सुकीची शक्ती वाढते. पण लढाईच नसल्याने त्या शक्तीचे करायचे काय? भेटणाऱ्यांपैकी कुणी बोलत नाही. बरेच जण तिच्याकडे पाहतही नाहीत.

या जगांत 24 गोष्टी विखुरल्या आहेत. त्यांना गेममध्ये 'इफेक्ट' म्हणतात; मी त्यांना रूपे म्हणेन, कारण त्या मिळाल्या की मादोत्सुकीचे रूप पालटते. सायकल मिळाली की ती भरभर फिरते. दिव्याचे रूप घेतले की तिच्या डोक्याच्या जागी दिवा येतो आणि काळोख उजळतो. मांजर झाली की आसपासचे प्राणी तिच्याकडे ओढले जातात. सिग्नल झाली की सगळे जागच्या जागी थांबते. सुरीही आहे, आणि ती वापरली की समोरचा मरतो. काही रूपे निव्वळ हौसेची : लांब केस, सोनेरी केस, लठ्ठपणा. त्यांनी काही साधत नाही.

जागे व्हायचे असेल तर एक कळ दाबायची. मादोत्सुकी स्वतःच्या गालाला चिमटा काढते आणि पलंगावर उठते. स्वप्न की खरे हे पाहायला स्वतःला चिमटा काढणे आपल्याही बोलण्यात आहे, त्यामुळे हा भाग मराठी वाचकाला परका वाटू नये. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की स्वप्नातून सुटायचा मार्ग कायम तिच्याच हाती आहे. 'तोरिनिंगेन' नावाच्या पक्ष्यांसारख्या चोचीच्या बायका पिसाटल्या की तिचा पाठलाग करतात आणि धरले की वाट नसलेल्या जागी नेऊन टाकतात. तिथेही चिमटा चालतो.

सगळ्यांत गाजलेला प्रसंग एका छोट्या घरातला. आत पोनिको म्हणून ओळखली जाणारी सोनेरी केसांची मुलगी आहे. ती मादोत्सुकीची दखल घेत नाही. भिंतीवर दिव्याचे बटण आहे. दिवा मालवला तर बहुतेकदा फक्त अंधार होतो. पण 64 मध्ये 1 वेळा पोनिकोच्या जागी एक काळा-पांढरा विद्रूप चेहरा उभा राहतो आणि कानठळ्या बसवणारा आवाज सुरू होतो. खेळणाऱ्यांनी त्याला 'उबोआ' म्हटले. तो का येतो, कोण आहे, याचे उत्तर गेमपाशी नाही. भीतिकथेत भीतीला कारण लागते. इथे फक्त संभाव्यता आहे, आणि खरी दुःस्वप्ने मला याच जातीची वाटतात.

स्वप्ने टिपून ठेवण्याची वहिवाट

हा गेम एकाएकी आकाशातून पडलेला नाही. जपानमध्ये स्वप्ने नोंदवून ठेवण्याची वहिवाट फार जुनी आहे. म्योए (1173–1232) या बौद्ध भिक्षूने तरुणपणापासून सुमारे 40 वर्षे आपली स्वप्ने लिहून ठेवली, आणि त्या नोंदींचा बराच भाग आजही उपलब्ध आहे. या म्योएला बुद्धाच्या भूमीत, म्हणजे भारतात यायचे होते. प्रवासाला किती दिवस लागतील याचा तपशीलवार हिशेबही त्याने मांडला होता. पण कासुगा देवतेचा कौल विरुद्ध गेला आणि बेत रहित झाला. पुढे मानसतज्ज्ञ कावाई हायाओ यांनी त्याच्या स्वप्नांवर ग्रंथ लिहिला. म्योएसाठी स्वप्न हा साधनेचा भाग होता. जागेपणी जे घडते त्याहून ते कमी खरे नव्हते.

1908 मध्ये नात्सुमे सोसेकी यांनी 'युमे जूया' लिहिले. दहा रात्रींची दहा स्वप्ने, आणि एकाचाही अर्थ लेखक सांगत नाही. 1998 मध्ये प्लेस्टेशनवर 'एलएसडी' नावाचा गेम आला, तो तर खऱ्याखुऱ्या स्वप्न-रोजनिशीवर आधारला होता. गेम काढणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने दहाएक वर्षे ती लिहिली होती. 'युमे निक्की' याच ओळीत बसतो. फरक एवढाच की म्योए, सोसेकी किंवा तो कर्मचारी यांची स्वप्ने त्यांच्या शब्दांतून आपल्यापर्यंत येतात. मादोत्सुकीच्या स्वप्नांत आपल्याला तिचेच पाय घेऊन चालावे लागते, आणि शब्द मिळत नाहीत.

दार लावून घेतलेली माणसे

मादोत्सुकीची खोली पाहिली की जपानी माणसाला एक शब्द आठवल्यावाचून राहत नाही : 'हिकिकोमोरी'. ओढून घेणे आणि आत बसून राहणे या अर्थांच्या दोन क्रियापदांचा हा जोड. मानसोपचारतज्ज्ञ सायतो तामाकी यांच्या 1998 मधल्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. सहा महिने किंवा अधिक काळ शाळा, नोकरी, मित्र यांपासून तुटून घरात राहणे, अशी त्याची ढोबळ व्याख्या. जपान सरकारने 2016 मध्ये 15 ते 39 वयोगटातल्या अशा लोकांचा अंदाज 5 लाख 41 हजार दिला. 2019 मध्ये 40 ते 64 वयोगटासाठी 6 लाख 13 हजार. आणि 2023 मध्ये दोन्ही गट मिळून सुमारे 14 लाख 60 हजार. म्हणजे त्या वयातल्या दर 50 माणसांत साधारण एक.

सुरुवातीची अनेक वर्षे हिकिकोमोरी म्हटले की तरुण मुलगाच डोळ्यांपुढे येई. घरात राहणारी अविवाहित मुलगी 'घरकामाला मदत करते' म्हणून नोंदीतून निसटत असे. 2023 च्या आकड्यांत 40 ते 64 वयोगटात मात्र निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियाच निघाल्या. 2004 मध्ये किकियामाने दाराआड एक मुलगी ठेवली, याची नोंद या पार्श्वभूमीवर घ्यायला हवी.

मात्र मादोत्सुकी हिकिकोमोरी आहे असे गेम कुठेही म्हणत नाही. ती किती दिवस आत आहे, घरात आणखी कोण आहे, काहीच कळत नाही. तो शब्द आपण तिला लावतो. आपल्याकडेही असे शब्द तयार आहेत : घरकोंबडा, एकलकोंडा, माणूसघाणा. तिन्हींत टोमणा आहे. नुसते 'घरात असते' एवढेच सांगणारा, दोष न देणारा शब्द मराठीत मला सापडलेला नाही. न बोलणाऱ्या माणसाला आपण आधी नाव ठेवतो आणि मग त्या नावाचे कारण शोधायला निघतो.

कारणांचा शोध

गेमच्या चाहत्यांनी नेमके हेच केले. रस्त्यावर रक्ताळलेली आकृती दिसते आणि सिग्नलचे रूप मिळते, म्हणून लहानपणी अपघात झाला असावा. तोरिनिंगेन म्हणजे शाळेत छळणाऱ्या मुली असाव्यात. अंतराळयानात पियानो वाजवणारा, मादोत्सुकी आली की गोंधळणारा तो काळा-पांढरा माणूस तिचा शिक्षक असावा. कुणाला लैंगिक अत्याचाराच्या खुणा दिसल्या, कुणी म्हटले ती आधीच मेलेली आहे. पात्रांची बरीच नावेसुद्धा खेळणाऱ्यांनीच ठेवलेली, आणि नाव ठेवले की त्यामागोमाग चरित्र येते. 2013 मध्ये गेमवर कादंबरी आणि मांगा निघाले.

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण. चाहत्यांनी ती उलट चालवली : स्वप्नी दिसले त्यावरून मनी काय वसत असेल ते काढायचे. या तर्कांत हुशारी आहे आणि अनेकांत कळवळाही आहे. ज्या तरुण मुलामुलींनी ते लिहिले त्यांतल्या कित्येकांनी स्वतःचे काही तरी मादोत्सुकीच्या तोंडी घातले असणार, आणि गेम मुका असल्यामुळेच ते शक्य झाले.

पण स्वप्नांची जडणघडण बारकाईने पाहिली तर ती अशा वाचनाला दाद देत नाही. सूचक वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या शेजारी दहा गोष्टी अशा आहेत ज्यांचा कशाशीही संबंध लावता येत नाही. यानातल्या पलंगावर मादोत्सुकी झोपली की यान मंगळावर कोसळते. तिथे एका बिळातून आत गेले तर एक विचित्र जीव एकटाच अश्रू ढाळत असतो. हा मादोत्सुकीच्या चरित्रातला कोणता पुरावा? मी तिथे गेले तेव्हा अर्थ शोधायचा विचारच मनात आला नाही. कळ दाबायची सोडून थोडा वेळ त्याच्यापाशी थांबले. गेममध्ये त्याला धीर देण्याची सोय नाही, थांबण्याची आहे. स्वतः किकियामाने ठेवलेले वर्णनही असेच आहे : विशेष कथा नाही, हेतू नाही, स्वप्नातून हिंडायचे.

शेवट

या गेमला एक शेवट आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सगळी 24 रूपे जमवायची. मग 12 दारांच्या मध्यभागी ती एकेक करून टाकून द्यायची. प्रत्येक रूप अंडे होऊन जमिनीवर राहते. त्यानंतर जागे झाले की बाल्कनीच्या कठड्याशी पूर्वी नसलेल्या पायऱ्या दिसतात. मादोत्सुकी त्या चढते आणि उडी मारते. पडदा काळा होतो आणि गेम संपतो.

या शेवटावर बोलणारे बहुतेक जण त्यातून मागे जातात : ती जीव देते, म्हणजे तिला तसेच भयंकर दुःख असणार, चला ते शोधू. मला तो शेवट पुढच्या बाजूने वाचावासा वाटतो. तो येतो कधी? 24 वस्तू पुऱ्या केल्यावर. आणि त्या पुऱ्या करायची घाई कुणाला असते? मादोत्सुकीने कधीच तसे सुचवलेले नाही. ती हाव खेळणाऱ्याची. आजवरच्या गेमनी आपल्याला लावलेली सवयच अशी की यादी दिसली की पुरी करावी, म्हणजे काही तरी 'सुटेल'. किकियामाने ती सवय ओळखून तिच्या टोकाला हा शेवट ठेवला आहे. तो गाठण्यासाठी आपल्याला तिचे सगळे काढून घ्यावे लागते : सायकल, दिवा, मांजर, छत्री, निरुपयोगी लांब केससुद्धा. जे काही तिचे म्हणून होते ते आपण तिच्याकडून टाकवतो, आणि मगच पायऱ्या दिसतात.

यादी पुरी केली नाही तर? तर गेम संपत नाही. मादोत्सुकी झोपते, हिंडते, गालाला चिमटा काढते, उठते, मेजाशी बसून लिहिते, पुन्हा झोपते. तिचे बंद दार उघडत नाही, हे खरे. पण ती असते. हे वाचन किकियामाला अभिप्रेत होते असा माझा दावा नाही. गेमच्या यंत्रणेत मात्र ते लिहिलेले आहे, आणि शब्द नसलेल्या कृतीत यंत्रणा हीच भाषा.

दार लावून बसलेल्या माणसाच्या घरच्यांना हा पेच ओळखीचा असेल. काय झाले ते सांग, कारण कळू दे, म्हणजे उपाय करता येईल, अशी प्रश्नांची सरबत्ती दाराबाहेरून चालू राहते. प्रश्न मायेपोटीच येतात. आतल्या माणसाला मात्र ती झडती वाटू शकते. ज्याला गरज आहे त्याला मदत मिळायलाच हवी, तिथे कुचराई नको. पण मदतीच्या आधी, आणि तिच्या बरोबरीनेही, आणखी एक गोष्ट लागते. या गेममध्ये तेवढीच करता येते : उत्तर न मागता सोबत चालणे.

किकियामाचे दार

चाहत्यांनी मादोत्सुकीला जे केले, तेच पुढे तिच्या कर्त्याच्या वाट्याला आले. 2007 मध्ये गेमची 0.10 ही आवृत्ती आली. आकड्यावरून तो अपुराच म्हणायचा; त्यानंतर काही भर पडली नाही. किकियामा गप्प झाले. मग अफवा उठल्या : ती व्यक्ती वारली असेल, 2011 च्या त्सुनामीत गेली असेल, गेमच्या शेवटासारखेच काही झाले असेल. 10 जानेवारी 2018 रोजी मूळ गेम 'स्टीम' या विक्रीमंचावर अधिकृतपणे आला, तोही विनामूल्य, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत किकियामांच्या सहभागाने 'युमे निक्की : ड्रीम डायरी' हा नवा त्रिमित गेम निघाला. म्हणजे माणूस होता. तेव्हाही त्याने चेहरा दाखवला नाही, मुलाखती दिल्या नाहीत.

इतके गप्प राहूनही त्या कामातून किती माणसे एकत्र आली पाहा. 2007 मध्येच जपानी चाहत्यांनी 'युमे 2क्की' हा गेम सुरू केला. अनेक हात त्यात आपापली जगे घालत आले आणि तो अजून वाढतो आहे. त्याखेरीज लहानमोठे कितीतरी गेम याच वळणावर निघाले. आपापल्या खोलीत एकेकटी बसणारी माणसे एका दार न उघडणाऱ्या मुलीपायी एकमेकांना सापडली. घरकोंबडी, एकलकोंडी हे शब्द अशा वेळी अपुरे पडतात.

मी हा गेम एकदा शेवटापर्यंत नेला आहे. दुसऱ्यांदा सुरू केला त्यात 17 रूपे जमली आहेत. उरलेली 7 कुठे मिळतात ते ठाऊक आहे, पण आणायला गेलेले नाही. कधी रात्री अर्धा तास बर्फाच्या जगात सायकल फिरवते. मग मादोत्सुकीला उठवते, मेजाशी बसवते आणि तिचे लिहून झाले की संगणक बंद करते.